आकडे बदलले की फॉर्म्युला का अडतो? बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सोलापुरात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहात आणि एक्सेलचा पेपर आहे. घरी कॉम्प्युटर नाही, मोबाईल आहे, कॉलेजची लॅब आठवड्यातून एकदा मिळते. सर फळ्यावर पायऱ्या लिहून देतात, त्या वहीत उतरवून घेतल्या की प्रॅक्टिकल पूर्ण होतं. पण तोच प्रश्न वेगळ्या आकड्यांनी किंवा वेगळ्या कॉलमांनी आला की हात थांबतो. व्हीलुकअप (यादीत एखादं नाव शोधून त्याच्यासमोरची माहिती आणणारा फॉर्म्युला) काही केल्या पाठ होत नाही. मग बाहेर क्लास लावावा, की रोज चार फॉर्म्युले पाठ करत जावेत?

मी इथेच चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांची हिशोबाची कामं बघते आणि अधूनमधून पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकलही घेते. तुमची जी तक्रार आहे ती वर्गातल्या बहुतेक मुलांची असते, फक्त बोलून कुणी दाखवत नाही. माझं मत सरळ सांगते: अडचण पाठांतराची नाही, त्यामुळे जास्त पाठांतर करून ती सुटणार नाही. तक्ता मांडण्याची सवय नाही आणि आलेलं उत्तर तपासण्याची सवय नाही, या दोन ठिकाणी गाडी अडते. या दोन गोष्टी हाताला बसल्या की पहिल्या वर्षाला लागणारे फॉर्म्युले फार थोडे आहेत आणि ते वापरता वापरता लक्षात राहतात.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. परीक्षा लेखी आहे की मशीनवर, हे आधी नक्की करा. लेखी असेल तर मेनूंची नावं, फंक्शनची रचना, व्याख्या हे थोडंफार पाठ करावंच लागेल, त्याला इलाज नाही. मशीनवर असेल तर मागच्या वर्षीच्या प्रॅक्टिकलच्या स्लिपा सरांकडे किंवा सीनिअर मुलांकडे मागा. दुसरं, लॅबमध्ये एक्सेलची कोणती आवृत्ती आहे तेही पाहून ठेवा. काही नवी फंक्शन्स जुन्या आवृत्तीत नाहीत, त्याबद्दल पुढे लिहिते. तिसरं, हे शिकून पुढे काय करायचंय? सी.ए.च्या ऑफिसात आर्टिकलशिप, एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटमध्ये अकाउंटंट, स्पर्धा परीक्षा, की घरचाच धंदा? पाया सगळ्यांना एकच लागतो, वरचे मजले वेगळे. मी पायाबद्दलच लिहिते. फॉर्म्युले इथे देवनागरीत लिहिले आहेत, शीटमध्ये ते इंग्रजी अक्षरांनी टाका.

आकडे बदलल्यावर का अडतं, ते आधी बघू. स्प्रेडशीटचा जन्मच या प्रश्नातून झालेला आहे. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी होता. प्राध्यापक फळ्यावर मोठा तक्ता मांडत, आणि त्यातला एक आकडा चुकला किंवा बदलावा लागला की त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलणारा फळा का नसावा, या विचारातून त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर व्हिजिकॅल्क बनवलं. ते १९७९ साली ॲपल-टू कॉम्प्युटरवर आलं. एक्सेल त्यानंतरचं, १९८५ सालचं, आणि तेही आधी मॅकिंटॉशवर आलं. हे परीक्षेसाठी सांगत नाही. एक आकडा बदलल्यावर तुमची शीट आपोआप बदलत नसेल, तर कॉम्प्युटरवर बसूनही आपण फळ्यावरचंच काम करतोय, एवढं लक्षात यावं म्हणून सांगितलं.

प्रॅक्टिकलला हे नेहमी दिसतं. प्रश्न असतो, ‘नग आणि दर दिले आहेत, रक्कम काढा आणि ५ टक्के सूट वजा करा.’ मुलं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार करतात आणि उत्तर सेलमध्ये, म्हणजे शीटच्या चौकोनात, टाइप करतात. किंवा फॉर्म्युला लिहितात, पण =४०*३५० असा, आकडे आत कोंबून. उत्तर बरोबर येतं, मार्कही मिळतात. पुढच्या वेळी नग ४५ झाले की पुन्हा सगळं टाइप करणं आलं. म्हणून पहिला नियम: जो आकडा बदलू शकतो त्याला स्वतःची सेल द्यायची, आणि फॉर्म्युल्यात आकडा न लिहिता त्या सेलचं नाव लिहायचं.

आता मांडणी. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण सिलॅबसमध्ये हिला जागाच नसते आणि नोकरीत सगळं हिच्यावरच चालतं.

समजा, चादरीच्या एका दुकानाची महिन्याची बिलं तुम्हाला शीटवर उतरवायची आहेत. नवीन माणूस ती वहीसारखी मांडतो. वर दुकानाचं नाव, त्यासाठी सात-आठ सेल मर्ज केलेल्या. खाली पहिल्या पार्टीचं नाव मोठ्या अक्षरात, तिच्याखाली तिची बिलं, मग बेरीज, मग दोन ओळी मोकळ्या, मग दुसरी पार्टी. कागदावर हे छान दिसतं आणि वाचणाऱ्याला कळतंही. पण एक्सेलला त्यातलं काही कळत नाही. फिल्टर लावायला गेलात तर तो पहिल्या मोकळ्या ओळीपाशी थांबतो. सॉर्ट केलंत तर बेरजेच्या ओळी मधेच कुठेतरी घुसतात. आणि ‘हैदराबादच्या पार्ट्यांना एकूण किती टॉवेल गेले?’ असं मालकांनी विचारलं, तर बोट ठेवून मोजत बसावं लागतं.

त्याऐवजी असं मांडा. पहिल्या ओळीत फक्त शीर्षकं: तारीख, बिल नंबर, पार्टी, गाव, माल, संख्या, एकक, दर, रक्कम. म्हणजे ए पासून आय पर्यंत नऊ कॉलम. दुसऱ्या ओळीपासून बिलातल्या एका मालाला एक ओळ. एका बिलात चादर आणि नॅपकिन दोन्ही असतील तर ओळी दोन, आणि दोन्हींत तारीख, बिल नंबर, पार्टी पुन्हा लिहायची. ‘वर लिहिलंय की, परत कशाला?’ असं वाटतं. पण प्रत्येक ओळ एकटी उचलली तरी तिचा पूर्ण अर्थ लागला पाहिजे. मोकळी ओळ नको, मर्ज केलेली सेल नको, मधे बेरीज नको. बेरजा दुसऱ्या शीटवर घ्या.

एककाचा वेगळा कॉलम मुद्दाम ठेवलाय. आपल्याकडे चादर नगावर जाते आणि नॅपकिन डझनावर. मुलं संख्येच्या सेलमध्ये सरळ ‘५ डझन’ असं लिहून टाकतात. त्या क्षणी ती सेल आकडा राहत नाही, मजकूर होते. सम फंक्शन मजकुराला गुपचूप ओलांडून पुढे जातं, कुठलीही तक्रार न करता, आणि बेरीज कमी येते. गुणाकार केलात तर निदान एरर तरी दिसते. बेरीज तेवढंही सांगत नाही. म्हणून संख्येच्या कॉलममध्ये फक्त ५, आणि डझन हे शेजारच्या कॉलममध्ये.

गावाच्या नावाचंही तसंच. आपल्या व्यापाऱ्यांच्या निम्म्या पार्ट्या सीमेपलीकडच्या. कुणी विजापूर लिहितं, कुणी विजयपूर. कुणी गुलबर्गा, कुणी कलबुर्गी. तुम्हाला-मला ते एकच गाव आहे, एक्सेलला ती दोन वेगळी गावं आहेत. नावाच्या शेवटी चुकून एक स्पेस पडली तरी तिसरं गाव तयार होतं, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. यासाठी गावांची एक यादी करून डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाउन लावा, म्हणजे निवडायचंच, टाइप करायचं नाही. आधीच बिघडलेला डेटा हाती आला असेल तर ट्रिम फंक्शनने फालतू स्पेस काढून टाका.

अशी मांडणी केल्यावर काय होतं बघा. ‘हैदराबादला किती टॉवेल?’ याचं उत्तर सम-इफ्सच्या एका ओळीत मिळतं: संख्येचा कॉलम बेरजेला घे, गाव हैदराबाद असेल आणि माल टॉवेल असेल तर. पिव्होट टेबल (डेटाचा गोषवारा आपोआप मांडून देणारी सोय) लावलंत तर तेवढंही लिहावं लागत नाही, गाव डावीकडे, माल वर आणि संख्या मधे ओढली की तक्ता तयार. वर्गात पिव्होट ‘अवघड टॉपिक’ म्हणून शेवटच्या आठवड्यात उरकतात. मला तर तो सगळ्यात सोपा वाटतो, फक्त खालचा डेटा सरळ हवा. वहीसारख्या मांडलेल्या शीटवर पिव्होट लावायला गेलं की तो अवघड होणारच.

पुढचा टप्पा डॉलरच्या चिन्हाचा. ‘आकडे बदलले की अडतं’ याचं निम्मं कारण मला इथे सापडतं. समजा सुटीचा दर ५ टक्के एल१ या सेलमध्ये आहे. जे२ मध्ये तुम्ही =आय२*एल१ लिहिलंत. उत्तर बरोबर. आता तो फॉर्म्युला खाली ओढला की पुढच्या ओळीत आय२ चं आय३ होतं, जे हवंच होतं, पण एल१ चंही एल२ होतं. एल२ मोकळी आहे, म्हणून सूट शून्य. पहिली ओळ बरोबर आणि खाली सगळे शून्य, असं दिसलं की समजायचं, डॉलर विसरला. =आय२*$एल$१ लिहिलं की एल१ जागचं हलत नाही. कॉम्प्युटरवर एफ४ दाबलं की डॉलर लागतात, काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. मोबाईलवर हाताने टाइप करा.

हे नीट बसायला मी सगळ्यांना एकच अभ्यास देते: २ ते ३० पाढे, एकाच फॉर्म्युल्यात. ए२ ते ए११ मध्ये १ ते १० लिहा. बी१ पासून एडी१ पर्यंत २ ते ३०. आता बी२ मध्ये असा एकच फॉर्म्युला लिहायचा की तो उजवीकडे आणि खाली ओढला की सगळे पाढे बरोबर आले पाहिजेत. नुसतं =ए२*बी१ चालत नाही. दोन्हीकडे पूर्ण डॉलर लावले तरी चालत नाही, सगळीकडे दोनच येतात. थोडा वेळ झगडा, लगेच कुणाला विचारू नका. उत्तर आहे =$ए२*बी$१. डावीकडच्या आकड्यासाठी कॉलम ए कधी बदलू द्यायचा नाही, ओळ बदलू द्यायची. वरच्या आकड्यासाठी ओळ १ धरून ठेवायची, कॉलम बदलू द्यायचा. शेवटच्या एडी११ मध्ये ३०० आले का बघा, तीस दाहे तीनशे. सतराचा पाढा क्यू कॉलममध्ये येतो, तिथे क्यू८ मध्ये ११९ हवेत. ज्याला हा तक्ता कुणाचं न बघता जमला, त्याला डॉलरची अडचण पुन्हा येताना मी पाहिलेली नाही. शिवाय पाढे आपल्याला तोंडपाठ असल्यामुळे उत्तर बरोबर की चूक हे सांगायला सर लागत नाहीत.

आकडा, मजकूर आणि तारीख यांची ओळख हाही पायाचाच भाग आहे, पण तो लवकर उरकता येतो. सेलमध्ये काही वेगळं फॉरमॅटिंग केलं नसेल तर आकडा उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. कुणी शीट दिली की मी आधी फक्त हेच बघते, कॉलममधला एखादा आकडा डावीकडे सरकलाय का. तारीख ही एक्सेलच्या दृष्टीने आकडाच असते, १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरून पुढे मोजत गेलेला. १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३. त्यामुळे दोन तारखांची वजाबाकी करून उधारी किती दिवसांची झाली ते काढता येतं. घोळ होतो तो मशीनची सेटिंग अमेरिकन पद्धतीची, आधी महिना मग दिवस अशी असेल तेव्हा. तुम्ही ५/४ म्हणून ५ एप्रिल लिहिता, मशीन ती ४ मे समजून घेतं. १३/५ लिहिलं तर तेरावा महिनाच नाही, म्हणून ते मजकूर होऊन डावीकडे बसतं. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या तर ही सेटिंग तपासा, आणि उजवीकडच्या तारखांवरही विश्वास ठेवू नका, कारण त्यांतल्या कित्येक दिवस-महिना उलटे होऊन बसलेल्या असतात.

जीएसटी नंबरमधूनही हा फरक छान कळतो. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६. पार्टी राज्यातली की बाहेरची, हे लेफ्ट फंक्शनने पहिली दोन अक्षरं काढून ठरवता येतं, कारण बाहेरची असेल तर आयजीएसटी लागतो. पण लेफ्टने आलेलं २७ हा आकडा नाही, मजकूर आहे. इफमध्ये =२७ लिहिलंत तर एकही पार्टी महाराष्ट्रातली निघणार नाही. =“२७” असं अवतरणात लिहायचं. मुलं इथे फॉर्म्युला चुकला म्हणून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून लिहीत बसतात.

आता व्हीलुकअप. पाठ करू नका, चार प्रश्न विचारा. काय शोधायचंय? कुठे शोधायचंय? सापडलं तर कितव्या कॉलममधलं आणायचंय? तंतोतंत तेच हवंय का? दुसऱ्या शीटवर मालाची दरयादी आहे, पहिल्या कॉलममध्ये माल, दुसऱ्यात एकक, तिसऱ्यात दर. तर ई२ मधला माल शोध, दरयादीत शोध (डॉलर लावून, नाहीतर खाली ओढताना यादीच सरकते), तिसऱ्या कॉलममधलं आण, आणि शेवटी फॉल्स, म्हणजे तंतोतंत तेच हवं. यादी मोठी झाली, कॉलम वाढले, तरी हे चार प्रश्न तेच राहतात.

शेवटचा फॉल्स अनेक जण गाळतात आणि तिथेच खरा धोका आहे. तो गाळला की एक्सेल जवळपासचं उत्तर शोधतं आणि यादी अक्षरांच्या क्रमाने लावलेली आहे असं गृहीत धरतं. यादी टॉवेल, चादर, नॅपकिन, बेडशीट अशी असेल तर टॉवेलच्या ओळीत चादरीचा दर येऊन बसू शकतो. एरर नाही, लाल खूण नाही, एक खोटा दर आणि त्यावर बनलेलं बिल. त्यापेक्षा एन-ए ही एरर कितीतरी प्रामाणिक, ती सांगते की हे नाव यादीत सापडलं नाही. म्हणूनच शिकत असताना इफएरर लावून एरर झाकू नका. काय सापडलं नाही ते बघा. बहुतेक वेळा स्पेलिंग किंवा ती न दिसणारी स्पेसच निघते.

व्हीलुकअपच्या दोन मर्यादा आहेत. शोधायची गोष्ट यादीच्या सगळ्यात डावीकडच्या कॉलममध्येच असावी लागते. आणि यादीच्या मधे कुणी नवा कॉलम घातला की ‘तिसरा’ हा आकडा चुकीचा होतो. एक्सलुकअपमध्ये या दोन्ही अडचणी नाहीत, आणि काही सांगितलं नाही तर ते तंतोतंतच शोधतं. पण ते एक्सेल २०२१ पासून पुढे आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, २०१६ किंवा २०१९ मध्ये नाही. गूगल शीट्समध्ये आहे. म्हणून आधी लॅबची आवृत्ती पाहायला सांगितलं. मोबाईलवर एक्सलुकअपचा सराव केलात आणि परीक्षेच्या मशीनवर ते नसेल, तर पंचाईत होईल. परीक्षेपुरतं व्हीलुकअपच नीट करा.

तपासणीबद्दल माझं म्हणणं जरा कडक आहे. फॉर्म्युला लिहिण्याआधी उत्तर अंदाजे किती येईल ते वहीच्या कोपऱ्यात लिहा. मार्केट यार्डातली कांद्याची पट्टी घ्या. वजन १,२४० किलो, दर क्विंटलला १,८०० रुपये. म्हणजे बारा-साडेबारा क्विंटल, बावीस हजारांच्या आसपास यायला हवेत. शीटमध्ये वजन गुणिले दर केलंत तर २२,३२,००० येतात. अंदाज आधी लिहिलेला असेल तर लगेच कळतं की शंभराने भागायचं राहिलं, खरी रक्कम २२,३२०. अंदाज नसेल तर पडद्यावर आलंय म्हणजे बरोबरच असणार, असं वाटून माणूस पुढे जातो.

दुसरी सवय, बेरजेची रेंज, म्हणजे ती कोणत्या सेलपासून कोणत्या सेलपर्यंत घेतली आहे ते, बघणे. सेलवर एफ२ दाबलं की फॉर्म्युल्यातल्या सेलभोवती रंगीत चौकटी दिसतात. शेवटची ओळ चौकटीच्या आत आहे का, ते बघायचं. हे क्षुल्लक वाटेल, म्हणून एक खरा किस्सा सांगते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढीवर एक निबंध लिहिला, आणि काटकसरीच्या धोरणांच्या बाजूने जगभर त्याचा आधार घेतला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गाला दिलेला स्वाध्याय म्हणून त्यांचेच आकडे पुन्हा काढून बघत होता. ते जुळेनात. लेखकांनी आपली एक्सेल फाईल त्याला दिली तेव्हा दिसलं की सरासरीच्या फॉर्म्युल्याची रेंज लवकर संपली होती आणि पाच देश बाहेर राहिले होते. त्या निबंधावर इतरही आक्षेप होते, पण ही चूक लेखकांनी मान्य केली. ज्याने ती शोधली तो विद्यार्थीच होता आणि काम गृहपाठाचं होतं, हे मी वर्गात दरवेळी सांगते.

तिसरी गोष्ट, दिसणारा आकडा आणि आत असलेला आकडा यांत फरक असतो. तीन सेलमध्ये १०.४ आहे आणि दशांश लपवलेत तर पडद्यावर १०, १०, १० आणि खाली बेरीज ३१ दिसते. मालक म्हणतील, तुमचं एक्सेल चुकलं. चुकलेलं काही नाही, आत ३१.२ आहे. बिलात पूर्ण रुपये हवे असतील तर प्रत्येक ओळीत राउंड वापरा, नुसते दशांश लपवू नका.

सरावाचं म्हणाल तर मोबाईलवर गूगल शीट्स फुकट आहे आणि वर लिहिलेलं बहुतेक सगळं त्यावर होतं. पाढ्यांचा तक्ता, बिलांची मांडणी, सम-इफ्स, व्हीलुकअप सगळं. छोट्या पडद्यावर कंटाळा येतो हे खरं, म्हणून ओळी थोड्याच घ्या, दहा-पंधरा पुरे. पिव्होट, चार्ट, प्रिंटची सेटिंग आणि कीबोर्डचे शॉर्टकट लॅबच्या तासासाठी राखून ठेवा. लॅबमध्ये जाताना मोबाईलवरची फाईल मेल करून न्या, म्हणजे तासाचा वेळ डेटा टाइप करण्यात जात नाही. घरात कुणाचा जुना लॅपटॉप मिळाला तर त्यावर लिब्रेऑफिस घाला, त्याचं कॅल्क फुकट आहे आणि पहिल्या वर्षाच्या कामाला पुरून उरतं.

आणि डेटा पुस्तकातला घेऊ नका, ओळखीतला घ्या. घरी शेती असेल तर कांद्याच्या पट्ट्या. पूर्व भागात राहत असाल तर शेजारच्या कारखान्यात लूमवरच्या कामगाराचा आठवड्याचा पगार कसा निघतो ते विचारून मांडा. घरात कुणी विड्या वळत असेल तर हजारी दराने महिन्याचा हिशोब करा, दराला वेगळी सेल देऊन. दर बदलला की वर्षभराचा हिशोब एका क्षणात बदलताना घरच्यांना दाखवा. ज्या हिशोबाचं उत्तर घरातल्या कुणाला तरी माहीत आहे, तोच सरावाला सगळ्यात चांगला, कारण चुकलं तर ते लगेच सांगतात.

क्लासबद्दल. आत्ता लावू नका असं मी म्हणेन. आधी महिनाभर हे करून बघा. तरी गरज वाटली तर क्लासवाल्यांना एकच विचारा: बिघडलेला, घाणेरडा डेटा देऊन तो सुधारायला शिकवता का? की तयार तक्त्यांवर ‘शंभर फॉर्म्युले’ दाखवता? दुसऱ्या प्रकारच्या क्लासमध्ये तुमची आत्ताचीच अडचण पैसे देऊन पुन्हा मिळेल. एमएस-सीआयटीचा विचार वेगळा. महाराष्ट्रात बऱ्याच सरकारी नोकऱ्यांना ते किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तो मार्ग डोक्यात असेल तर सवडीने करून ठेवा. फक्त प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे हात बसला असं समजू नका.

एआयला विचारून फॉर्म्युला मिळवता येतो, आणि तो वापरू नका असं मी म्हणणार नाही. पण आधी पाच ओळींच्या छोट्या तक्त्यावर, ज्याचं उत्तर तुम्हाला हाताने काढता येतं, तिथे तो चालवून बघा. मी ऑफिससाठी मुलं निवडते तेव्हा फॉर्म्युले तोंडी विचारत नाही. बिलांची एक फाईल देते, तिच्यात दोन-चार गावांची नावं दोन तऱ्हांनी लिहिलेली असतात, एखाद्या संख्येत ‘डझन’ घुसलेलं असतं. बेरीज सांगण्याआधी जो मुलगा किंवा मुलगी ‘मॅडम, या ओळी तपासायला हव्यात’ म्हणते, तिला मी बाकीचं शिकवायला तयार असते.

सुरुवात पाढ्यांपासून करा, मग बिलांचा तक्ता, मग सम-इफ्स, आणि व्हीलुकअप सगळ्यांत शेवटी. कुठे अडलात तर जरूर विचारा, पण विचारताना ‘येत नाही’ एवढंच लिहू नका. कोणत्या सेलमध्ये कोणता फॉर्म्युला जसाच्या तसा लिहिला, किती यायला हवं होतं आणि किती आलं, हे तीन लिहा.